पेटीचा उजवा कोपरा

तिबिलिसीत, ग्लदानीच्या रस्त्यावर एक जुनी विणकाम गिरणी आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीच्या दाराशी लामारा नातेलाश्विली रोज सकाळी ओला कापूस घेऊन उभ्या राहतात. आत जाणाऱ्या मुलीच्या ओठांवर लिपस्टिक दिसली की ती पुसली जाते. केसांवर फवारा मारलेला असेल तर मुलीला त्या दिवशी आत प्रवेश नाही. ती बाहेर बसून स्क्रू निवडते. आठ मार्चला, महिला दिनी, शहरातल्या सगळ्या बायका नटतात. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये ठरलेली थट्टा चालते, की लामाराबाईंच्या दारातून नवरी आत गेली तर बाहेर येताना मठातली जोगीण येईल. लामाराबाई हसत नाहीत. "नवरीला तार ओवता येते का, ते आधी सांगा," असं म्हणून त्या कापूस पुढे करतात.

या खोलीत चेंबर बनतात. चेंबर म्हणजे दाराच्या फळीएवढा, ॲल्युमिनियमचा चपटा डबा. आत केसाहून बारीक तारा ओळीने ताणलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती वायू भरलेला असतो. जिनिव्हात जमिनीखाली कणांच्या टकरी घडवतात. तिथून सुटलेला एखादा कण डब्यातून आरपार गेला की वायूत त्याची खूण उमटते आणि जवळची तार ती बाहेर कळवते. दारावर कुणी टकटक करावी तसं. पण तारेवर सिलिकॉनचा अंश जरी बसला तरी तिथे कालांतराने बारीक लव फुटते, आणि मग दाराशी कुणी नसतानाही टकटक ऐकू येत राहते. असा चेंबर निकामी. सिलिकॉन लिपस्टिकमध्ये असतं, हाताच्या क्रीममध्ये असतं, केसांच्या फवाऱ्यात असतं. म्हणून तो कापूस.

मोठे देश या प्रयोगाला चुंबकं देतात, इमारती देतात, शेकड्यांनी माणसं देतात. आमचा देश, जॉर्जिया, एका जातीचे चेंबर देतो, आणि तेसुद्धा यंत्राच्या एका बाजूच्या एका पट्ट्यापुरते. वर्कशॉपचे प्रमुख जुंबेर लोमिद्झे यांनी हा पट्टा मिळवण्यात आयुष्याची उमेदीची वर्षं घातली. नव्वदच्या दशकात, शहरात वीज नव्हती तेव्हा, त्यांनी विद्यापीठाच्या तळघरात रॉकेलच्या शेगडीशेजारी बसून पहिला चेंबर जोडला होता. ते आता सत्तरीला आले आहेत. त्यांचं एक वाक्य वर्कशॉपमध्ये सगळ्यांना पाठ आहे: "जर्मनांचं काही बिघडलं तर ती तांत्रिक अडचण असते. आपलं बिघडलं तर ते जॉर्जियन काम असतं."

लामाराबाई या इमारतीत आल्या त्या गिरणीच्या कामगार म्हणून. माहेर काखेती प्रांतात, गुर्जानीजवळच्या गावात. लग्न होऊन तिबिलिसीला आल्या आणि दुसऱ्या मजल्यावर मोज्यांच्या यंत्रावर उभ्या राहिल्या. गिरणी बंद पडल्यावर बरीच वर्षं त्यांनी दिदुबेच्या मेट्रोबाहेर सूर्यफुलाच्या बिया विकल्या. मग जुंबेर यांनी तिसरा मजला भाड्याने घेतला आणि तुटलेला धागा जोड दिसणार नाही असा सांधणाऱ्या बायका हव्यात, असा निरोप चाळीचाळीत फिरवला. कशासाठी, असं लामाराबाईंनी विचारलं नाही. पुढे त्यांना ते कळलं, आणि नंतर चांगलंच कळलं. तारा ओवण्यापासून सुरुवात करून त्या पेट्या बंद करण्यापर्यंत पोचल्या.

पेटी बंद करणं ही वर्कशॉपमधली मानाची जागा. चेंबर तयार झाले की नायट्रोजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून सीलबंद करायचे, मग लाकडी पेटीत फोमच्या खाचांत उभे बसवायचे. वर झाकण, झाकणाच्या सांध्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर एक सही. ती सही लामाराबाईंची. ती पाहिल्यावर जिनिव्हात कुणी विचारत नाही की आत काय आहे. यादीत लिहिलंय तेच आत आहे, असा तिचा अर्थ.

हे काम शिकायला त्या एकदाच जिनिव्हाला गेल्या होत्या. शिकवणारी झ्देन्का ही स्लोवाक बाई होती, वयाने त्यांच्याच बरोबरीची. आलेल्या पेट्या उघडून तपासण्याचं काम तिच्याकडे. दोघींना एकच भाषा थोडीफार येत होती, ती म्हणजे शाळेत सक्तीने शिकलेली रशियन, आणि ती दोघींनाही नावडती. त्यामुळे बोलणं मोजकं आणि व्याकरण वाऱ्यावर. निघताना झ्देन्काने घरच्या आलुबुखाराच्या मुरांब्याची बरणी हातात ठेवली. मुरांबा संपला. बरणी लामाराबाईंच्या ओट्यावर रिकामी राहिली, आणि ती त्यांना रोज टोचायला लागली.

कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. आपल्याकडे हे मुलांना शिकवावं लागत नाही. शेजारीण सूप देऊन जाते, तिचं पातेलं सफरचंदं घालून परत जातं. बरणी काचेची, ती तर पाठवता येणार नव्हती. पण पेट्या होत्या. जिनिव्हाहून रिकाम्या परत यायच्या आणि इथून भरून जायच्या, त्याच त्या चार. पेटीच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात, फोम आणि लाकूड यांच्यामध्ये, हात जाईल एवढी पोकळी होती. सुताराने का ठेवली, कुणाला माहीत नाही. पुढच्या खेपेला लामाराबाईंनी त्या पोकळीत एक चुर्चखेला ठेवला. गावी भावाच्या अंगणात स्वतः केलेला, दोऱ्यात ओवलेल्या अक्रोडांवर द्राक्षाच्या घट्ट रसाचा लेप चढवून वाळवलेली मेणबत्तीसारखी कांडी. वर्तमानपत्रात गुंडाळून. पेटी परत आली तेव्हा त्याच कोपऱ्यात चॉकलेट होतं.

असं सहा वर्षं चाललं. कुणालाही माहीत नव्हतं. सहीचा अर्थ काय, हे लामाराबाईंना पुरतं ठाऊक होतं. त्याबद्दल मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की यादी चेंबरांची असते, आणि चुर्चखेला काही चेंबर नव्हे. मग म्हणाल्या, "तेव्हा मला तसं खरंच वाटायचं."

गेल्या वर्षीच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला चार पेट्या गेल्या. तीन ठीक निघाल्या. चौथीतल्या दोन चेंबरांच्या पिशव्या प्रवासात कोपऱ्याशी फाटल्या होत्या, आणि तपासणीत ते दोन्ही चेंबर बडबडायला लागले, म्हणजे कण नसतानाही टकटक करायला लागले. जिनिव्हात एक उघडून तार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तारेवर सिलिकॉन होतं.

दर सोमवारी पडद्यावर बैठक होते, त्यात हा विषय आला आणि मग प्रत्येक बैठकीत येत राहिला. पिशवी फाटली म्हणजे पेटीतली हवा आत गेली. तेव्हा पेटीच्या हवेत सिलिकॉन कुठून आलं, असा प्रश्न होता. फोम तपासला, लाकूड तपासलं, चिकटपट्टी तपासली. उरला गोंद. चेंबरच्या कडा ज्या गोंदाने बंद होतात तो सगळ्या देशांच्या वर्कशॉपना एकाच ठिकाणाहून येतो. एका लहान स्लोवाक वर्कशॉपमध्ये तो मिसळून डब्यांत भरतात. त्यांनी या वेळी भरण्याची भांडी बदलली होती. भांड्यात काही राहिलं असेल का, असं कुणीतरी म्हणालं. पुढच्या सोमवारी 'असेल का' गळून पडलं. गोंद सदोष ठरला तर त्या घाण्याचे तीन देशांतले सगळे चेंबर बाद होणार होते आणि गोंदाचं काम त्या लोकांकडून जाणार होतं. झ्देन्का त्याच वर्कशॉपची. तिथूनच ती जिनिव्हाला आलेली होती.

लामाराबाई या बैठकांना मागच्या खुर्चीवर बसत. बोलण्याची वेळ त्यांच्यावर येत नसे. सालोमे नावाची तरुण संशोधक शेजारी बसून कानात भाषांतर सांगे. "मावशी, आता गोंदावर आलेत," ती सांगायची. लामाराबाईंना गोंदवाल्यांची कीव यायची. स्वतःचा त्यात काही संबंध असेल, असं त्यांच्या मनातही नव्हतं. ज्या बाईने वर्षानुवर्षं मुलींचे ओठ पुसले तिच्या हातून सिलिकॉन आत जाईल कसं?

चौदा जानेवारीला, जुन्या पंचांगाच्या नववर्षाच्या दिवशी, त्यांची सून मागदा गोझिनाकी म्हणजे अक्रोडाची चिक्की करत होती. मुलगा पोलंडमध्ये ट्रक चालवतो. घरात या दोघीच. मधात शिजवलेले अक्रोड मागदाने बेकिंगच्या कागदावर ओतले आणि लाटणं फिरवायला घेतलं. लामाराबाईंना ते रुचलं नाही.

"पाटाला पाणी लावून थापायचं सोडून कागदावर काय?"

"आई, पाटाला चिकटतं, मग तुम्हीच सुरी घेऊन खरवडत बसता. याला काही म्हणजे काही चिकटत नाही."

"का नाही चिकटत?"

मागदाला तो टोमणा वाटला. तिने गुंडाळीचं खोकं उचललं, मागची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेली आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचून दाखवलं. दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप.

लामाराबाईंनी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं की ही गुंडाळी कधीची. शरद ऋतूतली, मागदा म्हणाली; तुम्ही गावाहून चुर्चखेले घेऊन आलात तेव्हा मीच तर तुम्हाला दिली, वर्तमानपत्राची शाई गोडाला लागते म्हणून. लामाराबाई खुर्चीवर बसल्या. गोझिनाकी कागदावर गार होत गेली, तिच्या वड्या कुणी पाडल्या नाहीत. मागदा सांगते की त्या दिवशी सासूबाई एवढंच बोलल्या, "अक्रोड चांगले होते गं, वाया गेले."

सहा वर्षं वर्तमानपत्र, आणि एकाच हंगामात तो कागद. चारही पेट्यांत. तीन पेट्यांतल्या पिशव्या शाबूत राहिल्या म्हणून त्या वाचल्या.

दुसऱ्या दिवशी त्या जुंबेर यांच्या खोलीत गेल्या. खोली थंड असते. जुंबेर कोट घालूनच बसतात. लामाराबाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. शेवटी जुंबेर यांनी एकच प्रश्न विचारला.

"किती जणांना माहीत आहे?"

"मला. आता तुम्हाला, बातोनो जुंबेर. झ्देन्काला चुर्चखेला माहीत आहे. कागदाचं तिच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही."

"म्हणजे कुणालाच नाही."

मग जुंबेर यांनी त्यांना बसायला सांगितलं आणि बराच वेळ समजावलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रयोगाच्या पुढच्या टप्प्याचं काम कुणाला द्यायचं, हे फेब्रुवारीअखेर ठरणार होतं. त्या टप्प्यात चेंबर करायला दोन मोठे देश उत्सुक होते, त्यांच्याकडे यंत्रं तार ओवतात. आमच्याकडे बायका ओवतात. काम गेलं तर खोली बंद, खोलीतल्या बायका पुन्हा मेट्रोबाहेर आणि सालोमेसारखी मुलं परदेशात, ती काही परत येत नाहीत. आणि हे सगळं कशावरून, तर एका मिठाईच्या कागदावरून. तेही तोच दोषी आहे याला पुरावा नाही. स्लोवाक लोक युरोपाच्या मधोमध आहेत, त्यांना कुणीतरी सांभाळून घेईल. आपण या टोकाला.

"ते आपल्याला चोर म्हणणार नाहीत, लामाराबाई," ते म्हणाले. "चोर परवडला. ते हसतील. पेटीत खाऊ घालणारे लोक म्हणून आपलं नाव राहील. त्यावर उत्तर नसतं."

"आणि गोंदवाल्यांनी काय करायचं?"

जुंबेर यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "सोमवार येऊ दे. बघू."

आपल्याकडे 'बघू'चा अर्थ सगळ्यांनाच कळतो. लामाराबाईंनाही कळला.

सोमवारच्या बैठकीत पडद्यावर नेहमीचे चौकोन होते. जुंबेर यांनी आमच्या भागाचा अहवाल दिला: एवढे चेंबर तयार, एवढे तपासून झाले, तापमान, आर्द्रता. चौथ्या पेटीबद्दल ते एक वाक्य बोलले, पॅकिंग नेहमीच्या पद्धतीनेच झालेलं आहे, आणि माईक बंद केला. वाक्य खोटं नव्हतं. नेहमीची पद्धत तीच तर होती. बैठक चालवणाऱ्या डच शास्त्रज्ञाने आभार मानले आणि गोंदाचा विषय काढला. त्या आठवड्यात निर्णय घेऊन टाकावा, असं त्याचं मत होतं.

झ्देन्का तिच्या चौकोनात होती. तिच्या वर्कशॉपचा प्रमुख बोलत होता, आवाज चढत होता, भांडी तीनदा धुतल्याचं तो पुन्हा सांगत होता. झ्देन्का खाली बघत होती. लामाराबाईंच्या तेव्हा लक्षात आलं की हिला बोलता आलं असतं. पेटीत यादीबाहेरची वस्तू येते, दर खेपेला येते, एवढं म्हटलं असतं तरी गोंदावरचा संशय निम्मा झाला असता. हा विषय निघाल्यापासून ती प्रत्येक सोमवारी तिथे बसली होती आणि गप्प होती.

लामाराबाई उठल्या आणि टेबलाच्या पुढच्या बाजूला येऊन सालोमेच्या शेजारी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझं सांग त्यांना."

जुंबेर यांनी मान वळवली नाही. ते टेबलावरच्या पेनाकडे पाहत राहिले.

लामाराबाई जॉर्जियनमध्ये बोलल्या. चौथ्या पेटीत मी चुर्चखेला ठेवला होता. सगळ्या पेट्यांत ठेवते. या वेळी तो बेकिंगच्या कागदात गुंडाळला होता आणि त्या कागदाला सिलिकॉन असतं. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं, आता आहे. पेटीवर सही माझी आहे.

सालोमेने माईकवर हात ठेवला. तिचा स्वतःचा प्रबंध या चेंबरांवर होता. "मावशी, हे असंच सांगू?"

"शब्द न् शब्द सांग. सहीचंसुद्धा."

तिने सांगितलं. मग डच शास्त्रज्ञाने सावधपणे विचारलं की चुर्चखेला हा कसला भाग आहे, यादीत सापडत नाही. सालोमे म्हणाली, तो भाग नाही, गोड पदार्थ आहे. द्राक्षाचा. कुठल्यातरी चौकोनात कुणी हसलं आणि लगेच थांबलं. जुंबेर यांचे डोळे मिटलेले होते.

डच माणूस हसला नाही. त्याने विचारलं, "तो आता कुठे आहे?"

झ्देन्काने माईक चालू केला. "मी खाल्ला," ती म्हणाली. "सहा वर्षं मीच खातेय." आणि मग, "कागद माझ्याकडे आहे. फेकलेला नाही."

सालोमेने हे लामाराबाईंना सांगितलं. कागद ठेवलेला आहे, याचा अर्थ त्यांना समजायला वेळ लागला नाही. झ्देन्काच्या लक्षात आलेलं होतं. पुरावा तिच्या खणात होता, तिच्याच लोकांच्या मानेवरचं जोखड उतरवणारा, आणि तिने तो बाहेर काढला नव्हता.

पुढे दोघी फोनवर बोलल्या, त्या नावडत्या भाषेत. तू गप्प का बसलीस, असं लामाराबाईंनी विचारलं. झ्देन्का म्हणाली, खाल्लं तर मीच होतं, मग तुझी चुगली कुठल्या तोंडाने करू. खाल्ल्या मिठाला जागणं स्लोवाक लोकांतही असतं, एवढाच त्यातून लामाराबाईंनी बोध घेतला. पण त्या रागावल्याही होत्या. "तुझ्या खोलीतल्या बायकांचं काय झालं असतं?" त्यांनी विचारलं. त्यावर झ्देन्काने दिलेलं उत्तर त्यांना नीट समजलं नाही. शब्द अवघड होते.

कागदाची तपासणी झाली. एक फाटकी पिशवी, एक जुना चेंबर आणि तो कागद एका पेटीत काही आठवडे बंद ठेवले. चेंबर थोडा बडबडला; पहिल्याइतका नाही. कागद कारण असू शकतो, एकटा तोच कारण आहे असं म्हणता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. गोंदाचे नमुने स्वच्छ निघाले. तो घाणा वाचला. दोन चेंबर भंगारात गेले.

जुंबेर आठवडाभर लामाराबाईंशी कामापुरतंच बोलले. बायकांमध्ये दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं होतं की म्हातारीने सगळ्यांच्या पोटावर पाय दिला. स्वच्छ खोलीच्या दारात उभ्या असलेल्या लामाराबाईंकडे एका मुलीने स्वतःच कापूस मागितला आणि म्हणाली, "आज तुमचे हात मी पुसते." लामाराबाईंनी हात पुढे केले. मुलीने ते खरोखर पुसले. तिला वाटलं होतं, त्या रागावतील.

मग एका दुपारी जुंबेर चहाच्या वेळी बायकांच्या टेबलाशी येऊन बसले. भाकरीचा तुकडा मोडला, चीज घेतलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाले की रॉकेलच्या शेगडीजवळ त्यांनी केलेला पहिला चेंबरसुद्धा बडबडायचा. कारण कधीच सापडलं नाही. शेगडीच असणार. जिनिव्हाला त्यांनी ते कळवलं नव्हतं. चहा पुन्हा ओतला गेला.

फेब्रुवारीअखेरची बैठक मार्चपर्यंत लांबली. पुढच्या टप्प्याचं काम आम्हाला मिळालं, पूर्ण नाही, अर्ध्याच्या आसपास; उरलेलं यंत्रवाल्यांना. कबुली दिली नसती तर पूर्ण मिळालं असतं की अजिबात नसतं, हे सांगता येत नाही. जुंबेर यांना वाटतं पूर्ण मिळालं असतं. सालोमेने जिनिव्हात चौकशी केली, तिथे एकाने तिला सांगितलं की ज्या पेटीतला खाऊसुद्धा कळवला जातो त्या पेटीच्या बाकीच्या यादीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. दुसऱ्याने सांगितलं की काम वाटून देण्याचं आधीच ठरलं होतं. एक अट मात्र आली. पहिलं वर्ष पेटी बंद करताना बाहेरचा निरीक्षक हजर राहील आणि चिकटपट्टीवर दोन सह्या असतील.

अंतिम अहवालात या प्रकरणावर एक ओळ आहे. एका सहभागी केंद्राच्या पॅकिंगमध्ये यादीबाहेरची सामग्री आढळली. देशाचं नाव नाही. जुंबेर यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि चष्मा काढून पुसला. लामाराबाईंनी सालोमेकडून ती भाषांतर करून घेतली.

"माझं नाव नाही?"

"नाही, मावशी. कुणाचंच नाही."

प्रयोगाचे शोधनिबंध निघतात तेव्हा त्यांवर हजारो नावं असतात, वर्णानुक्रमे. आमच्या देशाची नावं त्यात बोटांवर मोजण्याइतकी असतात, पण असतात, सालोमेचंही असतं. तार ओवणाऱ्यांची नावं तिथे नसतात. याचं लामाराबाईंना कधी वाईट वाटलेलं नाही. त्या दिवशी मात्र त्या थोड्या घुटमळल्या. "चांगलं केलं तरी नाव नाही, वाईट केलं तरी नाव नाही," त्या म्हणाल्या. "मग मी सही कशाला करते?"

या शरद ऋतूत पहिली पेटी भरली गेली तेव्हा निरीक्षक म्हणून एक तरुण पोर्तुगीज आला होता. गोष्ट त्याच्या कानावर गेलेली असावी, कारण पेटीत डोकावून त्याने हसत विचारलं, या वेळी काही खायचं नाही का? सालोमेने भाषांतर करण्याआधीच लामाराबाईंना कळलं. त्या त्याला बाहेर चहाच्या खोलीत घेऊन गेल्या. खिडकीत नव्या हंगामाचे चुर्चखेले टांगलेले होते. एक त्याला तिथेच कापून दिला. दुसरा वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हाती ठेवला आणि सालोमेला सांगायला लावलं की हा विमानात स्वतःच्या पिशवीतून न्यायचा, झ्देन्काला द्यायचा, आणि वाटेत खायचा नाही. तो खाणार नाही याची त्यांना खात्री वाटत नव्हती, म्हणून तिसराही दिला.

मग सगळे परत पेटीपाशी आले. लामाराबाईंनी आदल्या दिवशी फोमचा एक ठोकळा कापून घेतला होता. तळाच्या उजव्या कोपऱ्यात, फोम आणि लाकूड यांच्यामधल्या पोकळीत, त्यांनी तो बोटांनी दाबून बसवला. घट्ट बसला. त्यांनी हात घालून पाहिला. बोटंसुद्धा जात नव्हती. यादीत त्या ठोकळ्याची नोंद आहे का, असं त्यांनी सालोमेला विचारलं. आहे, ती म्हणाली, सगळ्यात खाली.

झाकण बसवलं. चिकटपट्टी ओढली. पोर्तुगीजाने आधी सही केली, आणि त्याच्या खाली उरलेल्या जागेत लामाराबाईंनी केली.